मारणारा, तारणारा आणि बघणारा

॥ श्री गुरुदेव दत्त ॥



या वेळचा लेख थोडा वेगळा आहे. लांबही आहे. सकाळच्या घाईत न वाचता दुपारी निवांत वाचा, आणि जमलं तर घरात मोठ्याने वाचून दाखवा. एका सिनेमापासून सुरुवात केली आहे, पण विषय सिनेमाचा नाही.

श्रावणातल्या एका दुपारी उज्जैनला पावसाची झड लागली होती. क्षिप्रेला पूर, रामघाटाच्या पायऱ्या पाण्याखाली, त्यामुळे सेवेला बाहेर पडणं शक्यच नव्हतं. आम्ही सात-आठ जणी एका भगिनीच्या घरी वाती वळायला बसलो होतो. तिची नात बारावीला इतिहास घेऊन आहे. तिने टीव्हीवर एक इंग्रजी सिनेमा लावला. नाव ‘डिफायन्स’, वर्ष 2008, दिग्दर्शक एडवर्ड झ्विक. त्यात पूर्वी जेम्स बॉन्डचं काम केलेला डॅनियल क्रेग आहे. आमच्यातल्या सर्वात मोठ्या काकू, वय पंच्याऐंशी, त्यांना इंग्रजी येत नाही. नात त्यांना प्रत्येक प्रसंग मराठीत सांगत होती. खरं सांगायचं तर आम्हा पदवीधर बायकांनाही त्या सांगण्याचाच आधार होता.

सिनेमाची गोष्ट खरी घडलेली आहे. पूर्वीचा पूर्व पोलंड, म्हणजे आजचा बेलारूस. तिथल्या नोवोग्रुदेक गावाजवळच्या खेड्यात बिएल्स्की नावाचं ज्यू कुटुंब राहत होतं. शेती आणि पिठाची गिरणी. 1941 मध्ये जर्मन सैन्य आलं आणि ज्यूंचं हत्याकांड सुरू झालं. आई-वडील मारले गेले. तुविया, झुस, असाएल आणि धाकटा अरोन हे भाऊ जंगलात पळाले. पळताना आणखी माणसं भेटत गेली, कुणी लहान मूल घेऊन, कुणी म्हातारी आई घेऊन. भावांनी सगळ्यांना सोबत घेतलं. असं करत करत 1944 च्या उन्हाळ्यात जर्मन हटले तेव्हा त्या जंगलातून बाराशेच्या वर माणसं जिवंत बाहेर आली. बहुतेक बायका, मुलं, म्हातारे. हातात बंदूक धरू शकणारे थोडेच.

नालिबोकीच्या त्या अरण्यात त्यांनी एक गावच वसवलं होतं. जमिनीत खणलेल्या झोपड्या, भटारखाना, चांभार, शिंपी, लोहार, न्हाणीघर, दवाखाना, मुलांची शाळा, प्रार्थनेची जागा. 1943 च्या सप्टेंबरात नोवोग्रुदेकच्या बंदिवासातल्या लोकांनी रात्री-रात्री खणून एक लांब भुयार केलं. त्यातून दोनशेच्या वर माणसं बाहेर पडली. अनेक जण वाटेत मारले गेले, पण जे वाचले त्यातले बरेच तुवियाच्या छावणीपर्यंत पोहोचले. साठ लाख ज्यू ज्या काळात मारले गेले, त्या काळातली ही गोष्ट आहे. नेखामा टेक या बाईंनी 1993 मध्ये यावर पुस्तक लिहिलं. त्या स्वतः लहानपणी पोलंडमध्ये लपून वाचलेल्या होत्या. सिनेमा त्याच पुस्तकावर आहे.

आता कुणी म्हणेल, आपला यांच्याशी काय संबंध? संबंध आहे. आपल्या कोकणात, अलिबाग-रोहा-पेणच्या पट्ट्यात, कित्येक शतकं बेने इस्राएल राहिले. नवगावच्या किनाऱ्यावर जहाज फुटलं आणि सात पुरुष, सात बायका वाचल्या, अशी त्यांची परंपरा सांगते. घाण्यावर तेल काढायचे, आणि शनिवारी घाणा बंद, म्हणून लोक त्यांना ‘शनिवार तेली’ म्हणायचे. आडनावं आपल्यासारखीच, किहिमकर, रोहेकर, पेणकर, दिवेकर. भाषा मराठी. त्यांच्या नवसाच्या मलिद्यात पोहे, गूळ, खोबरं असतं. धर्मकथेवर मराठीत कीर्तनंसुद्धा करायचे. इतक्या शतकांत ज्यू म्हणून त्यांच्या घरांवर कुणी चालून गेलं नाही. आणि महायुद्धाच्या काळात, 1943 पासून 1948 पर्यंत, कोल्हापूरजवळच्या वळिवड्यात सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहिले, तेही बहुतेक बायका-मुलं. रशियन राजवटीने त्यांना त्याच पूर्व पोलंडमधून उचलून सैबेरियाकडे हाकललं होतं. एकीकडे नालिबोकीच्या जंगलात लोक जमिनीत बिळं खणून राहत होते, आणि त्याच वर्षी पंचगंगेच्या काठावर दुसरी काही पोलिश मुलं शाळेत जात होती. तेव्हा संबंध नाही असं म्हणता येत नाही. कुणी निवारा स्वतः खणला, कुणाला तो आपल्या माणसांनी दिला.

(आजच्या राजकारणावर आणि आजच्या युद्धांवर इथे आम्ही काही म्हणत नाही. ग्रुपवरही कृपया तो वाद काढू नये. प्रश्न माणसाच्या मनाचा आहे आणि तो सगळ्यांना लागू आहे.)

सिनेमात दोन भावांचं भांडण होतं. झुस म्हणतो, आपली माणसं मारली गेली, आता आपण लढायचं आणि मारायचं. एवढी खाणारी तोंडं बरोबर घेऊन फिरलो तर सगळेच मरू. तुविया म्हणतो, आपण जगायचं आणि जगवायचं, हाच आपला सूड. दोघांची मारामारी होते आणि झुस रशियन गनिमी सैनिकांकडे निघून जातो.

वाती बाजूला राहिल्या आणि आमच्यात दोन तट पडले. काही जणी म्हणाल्या, झुसचं बरोबर. अन्याय सहन करणाराही पापी असतो. गीतेत भगवंतांनी अर्जुनाला पळून जा म्हणून सांगितलं का? काही जणी म्हणाल्या, तुवियाचं बरोबर. मारणाऱ्यापेक्षा तारणारा मोठा, हे आपण लहानपणापासून ऐकतो.

काकू म्हणाल्या, “अगं, आपण राहतो कुठे? कृष्ण शिकला त्या गावात ना? मग त्यालाच विचारा की.”

आणि खरंच, उत्तर तिथे होतं. मंगळनाथच्या रस्त्यावरचा सांदीपनी आश्रम आम्ही पाहुण्यांना दाखवायला शंभर वेळा गेलो असू. तिथे शिकून कृष्ण मथुरेला गेला. मग जरासंधाने मथुरेवर सतरा स्वाऱ्या केल्या. सतराही वेळा कृष्ण-बलराम लढले आणि जिंकले. अठराव्या वेळी कालयवनही चालून आला. तेव्हा कृष्णाने काय केलं? समुद्रात द्वारका वसवली, मथुरेची सगळी माणसं, म्हातारी-कोतारी, लेकरं-बाळं, तिथे नेऊन ठेवली आणि स्वतः शत्रूच्या समोरून पळाला. म्हणून तो ‘रणछोड’. हे नाव शिवीसारखं वाटतं, पण आपल्याकडे त्या नावाची देवळं आहेत. जिंकणारा देवही सतरा लढायांनंतर म्हणतो, माझ्या माणसांना आधी घर पाहिजे. जरासंधाचा हिशेब नंतर झाला. भीमाकडून झाला, आणि तेव्हाही आधी कैदेतले राजे सोडवायचे होते. म्हणजे कृष्ण लढला नाही असं नाही. पण आधी काय आणि नंतर काय, हा क्रम त्याला माहीत होता.

त्याची गुरुदक्षिणाही आठवा. सांदीपनींनी राज्य मागितलं नाही, शत्रूचं शिर मागितलं नाही. समुद्राने नेलेलं आपलं मूल मागितलं. उज्जैनमध्ये शिकलेल्या विद्येची किंमत एक जीव परत आणणं, एवढीच होती.

इथे लेख संपवता आला असता. तारणारा मोठा, जय गुरुदेव, आणि आपण सगळे चहा प्यायला मोकळे. पण सिनेमा आम्हाला तेवढ्यावर सोडत नाही, आणि मनही सोडत नाही.

तुविया तारणारा होता, पण त्याच्या हातात बंदूक होती. सुरुवातीलाच तो आई-वडिलांच्या मृत्यूला कारण झालेल्या पोलीस अधिकाऱ्याच्या घरी जातो. ते जेवायला बसलेले असतात. तो त्याला आणि त्याच्या दोन मुलांना गोळ्या घालतो. बायको म्हणते, मलाही मार. तो तिला तशीच सोडून निघतो, आणि आपल्याला कळत नाही की ही दया आहे की आणखी मोठी शिक्षा. पुढे छावणीत अन्नाच्या वाटणीवरून दांडगाई करणाऱ्या एका माणसालाही तो सगळ्यांदेखत गोळी घालतो. खऱ्या इतिहासातही छावणीचं धान्य आसपासच्या खेड्यांतून यायचं, आणि ते प्रत्येक वेळी कुणी हसत दिलेलं नसायचं. ती शेतकरी माणसंही गरीब होती. रात्री एकाची बंदूक, दिवसा दुसऱ्याची. बाराशे जीव वाचले, त्यांच्या भाकरीत त्या शेतकऱ्यांचंही पीठ होतं. तारण्याचं काम इतकं स्वच्छ नसतं. आपण भंडाऱ्यात वाढतो तसं ते नसतं.

मग शस्त्राशिवाय नसतं का जमलं? हा प्रश्न त्या काळातही विचारला गेला. 1938 च्या नोव्हेंबरात गांधीजींनी ‘हरिजन’मध्ये लिहिलं की जर्मनीतल्या ज्यूंनी सत्याग्रह करावा. जेरुसलेमहून मार्टिन बुबर या ज्यू विचारवंताने 1939 मध्ये त्यांना पत्र लिहून असहमती कळवली. त्यांच्या म्हणण्याचा आम्हाला समजलेला भाव असा, की जिथे मरणाऱ्याचं मरण कुणी बघतच नाही, त्याची साक्ष कुणापर्यंत पोहोचत नाही, तिथे सत्याग्रह कुणाच्या मनाला हलवणार? दोघेही मोठे. आम्ही कोण त्यांच्यात न्याय करणार? पण या वादाचा एक धागा थेट आपल्या गावाशी जुळतो.

उज्जैनचे राजाभाऊ महाकाल. मूळ नाव नारायण बळवंत, महाकालाच्या पुजारी घराण्यातले. 15 ऑगस्ट 1955 ला गोव्याच्या मुक्तीसाठी निघालेल्या सत्याग्रहींत ते उज्जैनची तुकडी घेऊन होते. हातात शस्त्र नाही, फक्त तिरंगा. पोर्तुगीज शिपायांनी गोळीबार केला. त्या दिवशी वीसहून अधिक सत्याग्रही गेले, राजाभाऊ त्यातले एक. सागरकडच्या सहोद्राबाई राय यांनाही तिथेच गोळ्या लागल्या. त्या वाचल्या आणि पुढे खासदार झाल्या. आपल्या घरातल्या किती मुलांना राजाभाऊंचं नाव माहीत आहे, विचारून बघा. आता प्रामाणिकपणे हेही सांगायला हवं की गोवा शेवटी 1961 च्या डिसेंबरात सैन्य गेल्यावरच मुक्त झाला. म्हणजे शस्त्र लागलंच. पण राजाभाऊंचं मरण वाया गेलं असं कोण म्हणेल? त्यांनी हात उचलला नाही, पण पाऊल मागे घेतलं नाही. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे ते आमच्याच अंगावर येणार आहे.

सिनेमाच्या उत्तरार्धात एक प्रसंग आहे. छावणीतले लोक एका जर्मन सैनिकाला पकडून आणतात. तरुण मुलगा आहे. तो गयावया करतो. भोवती माणसं जमतात. एक बाई आपल्या मारल्या गेलेल्या माणसांची नावं घेते, दुसरी आपल्या माणसांची, आणि मग सगळे त्याच्यावर तुटून पडतात. तुविया तिथे असतो. तो त्यांचा नायक आहे, त्याने ‘थांबा’ म्हटलं असतं तर थांबले असते. तो बघतो आणि निघून जातो.

नात सांगायची थांबली. काकूंनी विचारलं, “काय झालं? मारलं का त्याला?” कुणी उत्तर दिलं नाही. टीव्ही चालू होता, पण खोलीतली प्रत्येक बाई दुसरंच काहीतरी बघत होती. ते आता लिहितो.

मागच्या दत्तजयंतीचा आपला भंडारा. हजारभर पान, रामभाजी, पुरी, नुक्ती. आम्ही मागच्या बाजूला कढयांपाशी होतो. एक पंधरा-सोळा वर्षांचा मुलगा एका भगिनीची पर्स घेऊन पळताना सापडला. पर्स त्याच्याच हातात होती, त्यात शंका नाही. पर्समध्ये तीनशे चाळीस रुपये आणि रक्तदाबाच्या गोळ्या होत्या. आपल्याच काही सेवेकऱ्यांनी आणि पंगतीतून उठलेल्या लोकांनी त्याला हातपंपाला बांधलं आणि मारलं. गळ्यात गुरुदेवांचं पदक असलेल्या हातांनी मारलं. लाथा घातल्या. कानातून रक्त आलं. पुढे मंडपात आरती चालू होती, त्यामुळे त्याचा आवाज कुणाला आला नाही. आम्हाला आला. आम्ही बारा-पंधरा जणी होतो, हातात झारे आणि पळ्या. एक भगिनी म्हणाली, “बरी अद्दल घडू दे, दर वर्षी चोऱ्या होतात.” बाकीच्या काही बोललो नाही. पुऱ्या करपतील म्हणून आम्ही वळलो.

शेवटी याच काकू, काठी टेकत, तांब्या घेऊन गेल्या. मारणाऱ्यांमधून आत शिरल्या आणि त्या मुलाला पाणी पाजत उभ्या राहिल्या. एकही शब्द बोलल्या नाहीत. म्हाताऱ्या बाईला धक्का कोण मारणार? हात थांबले. मग त्याला सोडून दिलं. पोलिसांना कळवलं नाही, कारण मग आपल्यालाही प्रश्न विचारले गेले असते. तो लंगडत गेला. प्रसाद घेऊन जा असंही त्याला कुणी म्हटलं नाही. त्या संध्याकाळी ग्रुपवर भंडाऱ्याचे फोटो आले, ‘गुरुकृपेने कार्यक्रम निर्विघ्न पार पडला’ असा निरोप आला, आणि आम्ही सगळ्यांनी हात जोडल्याची चित्रं टाकली.

जंगलातल्या त्या बायकांना आम्ही नावं ठेवू शकत नाही. ज्यांची लेकरं खड्ड्यात लोटली गेली त्यांच्या संतापाला शिकवण द्यायची आमची पायरी नाही. पण आमचं काय गेलं होतं? तीनशे चाळीस रुपये, आणि तेही परत मिळाले होते.

कुणी म्हणेल, शास्त्रात धन लुटणाऱ्यालाही आततायी म्हटलं आहे. आग लावणारा, विष घालणारा, शस्त्र घेऊन धावून येणारा, धन लुटणारा, शेत बळकावणारा, बायको पळवणारा, हे सहा. बरोबर आहे. त्या जर्मन राजवटीने तर यातलं जवळजवळ सगळं केलं. धावून येणाऱ्याला अडवायलाच हवं, त्यासाठी शस्त्रही लागेल, तुवियाला लागलं. पण ज्याचे हात बांधले आहेत तो कुणावर धावून येतो आहे? दोरी बांधली तेव्हाच अडवण्याचं काम संपलं. त्यानंतरचा प्रत्येक फटका आपल्या मनाच्या मौजेसाठी असतो, धर्म त्याला फक्त नाव देतो.

भागवतात हा प्रसंग जसाच्या तसा आहे. अश्वत्थाम्याने द्रौपदीची पाच झोपलेली मुलं मारली. अर्जुनाने त्याला बांधून आणून तिच्यासमोर उभं केलं. भीम म्हणाला, मारा. द्रौपदी म्हणाली, सोडा. हा गुरुपुत्र आहे, आणि मी जशी रडते आहे तशी याची आई रडायला नको. नीट बघा, हे कोण म्हणतं आहे? जिची पाच मुलं गेली ती. तिलाच तो अधिकार होता. दुसऱ्यावर झालेल्या अन्यायाची क्षमा परस्पर वाटून टाकायचा अधिकार आपल्याला नाही. नाथमहाराजांनी अंगावर थुंकणाऱ्याला क्षमा केली, पण ती थुंकी त्यांच्या स्वतःच्या अंगावर होती. म्हणून नालिबोकीच्या लोकांना ‘माफ करा’ म्हणायला आम्ही धजत नाही. ते त्यांचं त्यांनी ठरवायचं.

पण या कथेला दुसरी बाजूही आहे. अश्वत्थामा मोकळा सुटला नाही. त्याच्या मस्तकातला मणी काढून घेतला, केस उतरवले, शिबिरातून हाकलून दिलं. शिक्षा झाली. एका माणसाने दिली, विचार करून दिली, कृष्णासमोर दिली. जमावाने दिली नाही. क्षमा म्हणजे काहीच न करणं नव्हे. त्या मुलालाही आपण बसवून नाव-गाव विचारू शकलो असतो, घरच्यांना बोलावू शकलो असतो, कायद्याच्या हवाली करू शकलो असतो. भूक लागली होती का, एवढं तरी विचारू शकलो असतो. तो भंडारा होता! हजार पानं वाढणाऱ्या ठिकाणी एका पोराला चोरी का करावी लागली, हा प्रश्न पुरी तळताना एकीलाही पडला नाही.

आता ते राजाभाऊंचं वाक्य. त्यांनी हात उचलला नाही. आम्हीही त्या दिवशी हात उचलला नव्हता. घरी गेल्यावर आम्ही मनाशी तेच म्हटलं, की आपण तर कुणाला मारलं नाही. पण त्यांची अहिंसा गोळीच्या दिशेने चालत गेली आणि आमची अहिंसा कढईकडे वळली. बाहेरून दोन्ही सारख्याच दिसतात, दोन्हींत हात रिकामे. फरक पायांत आहे, पाय कुठल्या दिशेला जातात यात आहे.

म्हणून आम्हाला वाटतं, मारणारा मोठा की तारणारा मोठा हा आपला प्रश्नच नाही. तो तुविया आणि झुसचा प्रश्न होता. त्यांच्यावर वेळच तशी आली होती. आपल्यावर देवकृपेने ती वेळ नाही. आपल्यासारख्या घरात राहणाऱ्या, पोळ्या लाटणाऱ्या, जप करणाऱ्या माणसांचा प्रश्न तिसऱ्याचा आहे. बघणाऱ्याचा. नोवोग्रुदेकच्या आसपासही बघणारे होते. कुणी खिडकी लावून घेतली, कुणी पोलिसांना खबर दिली, आणि कुणी जिवावर उदार होऊन ज्यू लेकरू माळ्यावर लपवलं. त्यांतही पोळ्या लाटणाऱ्या बायका असणारच.

तुवियाचं पुढे काय झालं ते सांगतो. असाएल पुढच्याच वर्षी लढाईत गेला. तुविया आधी पॅलेस्टाइनला, मग अमेरिकेला गेला. न्यूयॉर्कमध्ये गाडी चालवून पोट भरलं. मोठेपणाचा गाजावाजा केला नाही. 1987 मध्ये वारला, आणि नंतर त्याचे अवशेष जेरुसलेमला नेऊन सन्मानाने पुरले. बाराशे माणसांच्या लेकी-सुना, नातवंडं आज जगात आहेत. त्याने किती मारले ते कुणी मोजत बसत नाही. किती वाचले ते मोजतात.

मुंबईत मशीद बंदरच्या भागात बेने इस्राएलांचं जुनं प्रार्थनामंदिर आहे, 1796 चं. सॅम्युएल दिवेकर नावाच्या फौजेतल्या अधिकाऱ्याने बांधलेलं. तो टिपूच्या कैदेत होता, आणि टिपूच्या आईने रदबदली केली म्हणून त्याचा जीव वाचला, अशी कथा सांगतात. सुटून आल्यावर त्याने देवाचे आभार म्हणून ते मंदिर बांधलं. त्याचं नाव ‘शाआर हारहमीम’, म्हणजे दयेचं द्वार. कथा खरी किती, देव जाणे. पण बघा, त्या कथेतही एक म्हातारी आईच मध्ये पडते. आमच्या काकूंसारखी.

सिनेमा संपल्यावर आम्ही काकूंना विचारलं, “त्या दिवशी तुम्हाला भीती नाही वाटली?” त्या म्हणाल्या, “वाटली की. पण माझे गुडघे दुखत होते, मला तिथून पळताच आलं नसतं. मग म्हटलं, आहेच तर पाणी तरी द्यावं.” आम्ही हसलो, आणि हसता हसता दोघी-तिघींचे डोळे भरले.

त्या मुलाला शोधायला आम्ही दोन वेळा नदीकाठच्या वस्तीत जाऊन आलो. सापडला नाही. नावच माहीत नाही तर विचारणार काय? तेव्हा त्याची क्षमा मागायची राहिली आहे, आणि ती कदाचित राहणारच. या लेखाने ती फिटत नाही, हे आम्ही जाणून आहोत.

पण येत्या भंडाऱ्यासाठी आम्ही सेवेकरी भगिनींनी आपसात ठरवलं आहे. कुणी चोर सापडला, कुणी दारू पिऊन आला, कुणाचा कुणाशी वाद झाला, तर आमच्यातल्या चौघी झारे खाली ठेवून तिथे जाऊन उभ्या राहतील. भाषण करणार नाहीत. एकीच्या हातात पाण्याचा तांब्या असेल. पुऱ्या करपल्या तर करपू देत, त्याचा दोष आमच्यावर. ज्यांनी त्या दिवशी हात उचलला त्या बंधूंवर आम्ही रागावून हे लिहीत नाही. ते आमचेच भाऊ आहेत, आणि आम्ही गप्प राहून त्यांना एकटं पाडलं. कुणीतरी ‘दादा, बस’ म्हटलं असतं तर त्यांनाही बरंच वाटलं असतं.

आपापल्या घरातही हा विषय काढा. मुलांना नुसतं ‘वाईट करू नको’ एवढं शिकवून पुरत नाही. आपल्यासमोर वाईट चाललं असेल तर पाय कुठे न्यायचे, हे त्यांनी आपल्याला पाहून शिकायचं आहे. आणि आपल्या घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा, त्यांनी कधी कुणाच्या मध्ये उभं राहून बघितलं आहे का. बऱ्याच घरांत अशी गोष्ट असेल, फक्त कुणी विचारलेली नसेल.

लिहिण्यात काही चुकलं असेल तर ते आमचं. चांगलं काही असेल तर ते गुरुचरणी अर्पण.

आपल्या,
उज्जैन केंद्रातील सेवेकरी भगिनी

॥ श्री गुरुदेव दत्त ॥